अजूनबाई

अजूनबाई आमच्या घरी साडेचार वर्षं होती. तेवढ्या काळात तिने कुठल्याही प्रश्नाला नुसतं 'नाही' असं उत्तर दिलेलं मला आठवत नाही. "जेवलीस का?" अजून नाही. "लाँड्रीवाला आला होता का?" अजून नाही. इथवर ठीक होतं. पण "तुला इंग्रजी येतं का?" यालाही अजून नाही, आणि "तुला कारलं आवडतं का?" यालाही अजून नाही. एकदा सुधीरच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, पांढऱ्या शर्टला तिने निळीचे डाग पाडले. तो कडाडला, "तुला डोकं आहे की नाही?" तिने क्षणभर विचार केला आणि अत्यंत नम्रपणे सांगितलं, "अजून नाही, सर." सुधीर इतका हसला की शर्ट राहिला बाजूला. त्या दिवसापासून ती अजूनबाई झाली. खरं नाव दार्सिनी. ते फक्त तिच्या पासपोर्टवर राहिलं, आणि पासपोर्ट आमच्या कपाटात.

सत्त्याण्णव साली ती आली. आम्ही दुबईत, अल मनखूलला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. मी एका शिपिंग कंपनीत नोकरीला, मुलगी श्रुती ऊद मेथाच्या शाळेत पाचवीत, आणि सासूबाई नुकत्याच मालवणहून कायमच्या आमच्याकडे आलेल्या. त्यांना घरात एकटं ठेवायचं कसं, म्हणून बाई आणायची ठरली. एजन्सीने इंडोनेशियाची बाई दिली. चाळिशीला टेकलेली, बुटकी, काटक, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी चौकशी केली, "खंयची गो तू?" तिला प्रश्न कळला असावा, कारण तिने छातीवर हात ठेवून सांगितलं, "इंद्रमायू." जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरचा तो जिल्हा. सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "म्हणजे इंद्राचोच गाव मां! मग आपल्यातलीच ती." ती नमाज पढते हे त्यांना दुपारी कळलं, पण तोवर जवळीक होऊन गेली होती.

मराठी तिला सासूबाईंनीच शिकवलं. दिवसभर दोघीच घरात. सासूबाईंना दुसरी भाषा येत नव्हती आणि शिकायची इच्छाही नव्हती. त्यामुळे सहा महिन्यांत अजूनबाई बोलू लागली ती सासूबाईंच्या शिव्यांसकट. 'मेला' हे विशेषण तिला फार आवडलं होतं. मेला एसी, मेली लिफ्ट, मेला कुकर. श्रुती आमच्याशीसुद्धा इंग्रजीतच बोलायची. तिला काही विचारलं की "आय डोन्ट नो, ममा," एवढंच. घरात मराठीत भांडणारं चौथं माणूस मिळालं ते जावा बेटावरून आलेलं, याची मला तेव्हा गंमत वाटायची.

'अजून नाही'चं मूळ मी एकदा तिला विचारलं होतं. त्यांच्या भाषेत 'बलुम' असा एक शब्द आहे म्हणाली. तिकडे कुणाला लग्न झालं का, मूल आहे का, हजला गेलास का, असं विचारलं तर सरळ नकार देत नाहीत. बलुम म्हणतात. मी म्हटलं, "आणि कधीच व्हायचं नसलं तर?" ती म्हणाली, "आपल्याला काय माहीत, मादाम? नाही म्हटलं तर कडी लागली. अजून नाही म्हटलं तर दार नुसतं लोटलं." वरच्या मजल्यावर साठीचे एक अविवाहित गृहस्थ राहत. त्यांनी लिफ्टमध्ये आपलं लग्न झालेलं नाही असं सांगितलं, तेव्हा तिने तिथल्या तिथे त्यांची चूक दुरुस्त केली. ते पुढे महिनाभर आम्हाला भेटले की "अजून नाही हं," असं म्हणून हसत.

या शब्दाची आम्हाला सोयही फार झाली, हे इथेच सांगून टाकते. आल्या आल्या मी तिला विचारलं होतं, "तुला शुक्रवारी सुट्टी हवी का?" ती म्हणाली, अजून नाही. मी पुन्हा कधी विचारलं नाही. साडेचार वर्षं नाही.

मी स्वतः वेंगुर्ल्याच्या बाजूची, खाडीकाठची. तेव्हा किनाऱ्यावरच्या माणसाची ओळख मला पटायला हवी होती. देऱ्याच्या मासळीबाजारात तिला पहिल्यांदा नेलं, तेव्हा तिने एका सुरमईचा कल्ला उचलून पाहिला, हुंगला आणि मासा परत ठेवला. "हा मेला तीन दिवस विमानात," म्हणाली. विकणारा बंगाली ओशाळून हसला. तिने बांगडे निवडले, तेही डोक्यासकट, आणि घरी आल्यावर डोक्यांचं वेगळं कालवण केलं. सासूबाईंनी बोटं चाटली. पण पुढे तिने कुठून तरी बारीक जवळा मिळवला, मीठ लावून कुटला आणि गोळे करून बाल्कनीत वाळत घातले. सगळ्या मजल्यावर वास गेला. आमच्या आईच्या अंगणात दरवर्षी वाळणाऱ्या जवळ्याचाच तो वास, त्यात वेगळं काही नव्हतं. वॉचमन तक्रार घेऊन आला, तेव्हा मी दारात उभी राहून म्हटलं, "वो मेड का है, हमारा नहीं." ती माझ्या मागेच उभी होती. तिने गोळे मुकाट्याने पिशवीत भरून कचऱ्यात टाकले. इतक्या वर्षांनी मला याची लाज वाटते, पण तेव्हा मी वॉचमनसमोर लाज राखल्याच्या समाधानात होते.

सासूबाईंचे पाय चेपता चेपता ती गावच्या गोष्टी सांगायची. मी ऑफिसातून आले की चहा पीत ऐकायची. तिच्या लहानपणी घरापासून समुद्रापर्यंत जायला खारफुटीतून वाट होती, शेळ्या चरत. मग शहरातले लोक आले, खारफुटी तोडली आणि कोळंबीची तळी खणली. दोन-तीन वर्षं गावात सगळ्यांच्या हाताला काम होतं. नंतर कोळंबीला रोग लागला आणि तळी तशीच राहिली, हिरव्या पाण्याने भरलेली. वाट अडवायला झाडं नव्हती, मग समुद्र पुढे आला. घरांची पहिली ओळ गेली, मग दुसरी. "मशिदीत पाणी आलं, तेव्हा इमाम म्हणाला, समुद्रपण नमाजला आला," असं सांगून ती हसायची. किनाऱ्याला मासा उरला नव्हता. मोठ्या यांत्रिक बोटी बाहेरच्या बाहेर सगळं ओरबाडून नेत. तिच्या नवऱ्याची होडी होती, पण होडीपेक्षा जाळं दुरुस्त करण्यातच त्याचा जास्त वेळ जाई. "जाळं एकदम छान," ती म्हणायची, "एक भोक नाही. मासाच नाही."

कोकणाची गोष्ट मला ठाऊक होती. आमच्या गावातून पुरुष गेले, मुंबईला आणि मग इकडे, आणि गावात बायका राहिल्या. तिच्या गावात उलटं. आखाताला पुरुष नको होते, बायका हव्या होत्या. घरटी एक बाई गेलेली. मागे राहिले ते नवरे, म्हाताऱ्या आणि पोरं. गेलेल्या बायकांनी पैसे पाठवून पक्की घरं बांधली, टाइल्स लावलेली, रंगीत काचांची, आणि त्या घरांना गावाने नावं पाडली ती बाई जिथे असेल तिथली. ते हिरवं अबुधाबी. ते दोन मजली रियाध. ते खांबांचं कुवेत. लग्नाची वरात निघाली की रियाधवरून डावीकडे वळून कुवेतच्या अंगणातून जाते, असं ती सांगायची. सासूबाई पोट धरधरून हसत. मी विचारलं, "तुमचं दुबई कुठाय?" उत्तर तुमच्या लक्षात आलंच असेल. तिचं घर बांबूच्या तट्ट्यांचंच होतं, कारण तिला घर बांधायचंच नव्हतं.

तिला वातीला शिकवायचं होतं. वाती तिची मुलगी, आमच्या श्रुतीपेक्षा वर्षभराने मोठी. नाव ऐकून सासूबाई म्हणाल्या होत्या, "वाती? समईतल्यो?" तांदळाच्या डब्याला टेकवून तिचा एक फोटो ठेवलेला असे. शाळेचा पांढरा सदरा, मोठं कपाळ, ओठ घट्ट मिटलेले. वातीनंतर अजूनबाईला एक मुलगा झाला होता. गावात सुईण नव्हती. शिकलेली सुईण खाडीपलीकडे. कळा सुरू झाल्यावर नवरा तिला होडीत घालून निघाला, पण ओहोटी होती आणि होडी गाळात रुतली. मूल तिथेच झालं आणि तिथेच गेलं. आठ वर्षांची वाती कंदील धरून होडीत बसली होती. घरी आल्यावर ती पोर म्हणाली की मी सुईण होणार, आपल्या काठावरची. त्या दिवसापासून मायलेकींनी ते धरून ठेवलं. नववी झाली की तालुक्याच्या गावी पुढची शाळा, मग सुईणीचं शिक्षण. अजूनबाई आमच्या घरी भांडी घासत होती ती त्याच्यासाठी.

धोका कुठे आहे हेही तिला पक्कं माहीत होतं. दरवर्षी नववीच्या परीक्षा संपल्या की गावात दलाल येतात. त्यांना तिकडे 'स्पॉन्सर' म्हणतात, आणि हा शब्द ऐकून मला उगीच चपापायला व्हायचं, कारण इकडे व्हिसा देणाऱ्या मालकाला स्पॉन्सर म्हणतात, आणि कागदोपत्री तिचा स्पॉन्सर सुधीर होता. दलाल बापाला भेटतात, गोड बोलतात, कागदावर पोरीचं वय वाढवतात आणि पोरीला जकार्ताला नेतात. "बाप भोळा," ती म्हणायची. "मी घरी पाहिजे. मी दारात बसणार. स्पॉन्सर आला तर मी त्याला मेला म्हणणार."

पहिला करार दोन वर्षांचा. तो संपला तेव्हा ती महिनाभर घरी जाऊन येणार होती. तिकीटही काढलं होतं. पण आठवडा राहिला असताना सासूबाई न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. त्यांना उचलायचं, पुसायचं, कुशीवर वळवायचं, हे दुसऱ्या कुणाला जमणारं नव्हतं. मी तिला म्हटलं, "जरा थांबशील?" ती थांबली. मी ते तिकीट रद्द केलं आणि तिला एक सोन्याची बारीक अंगठी दिली. त्या अंगठीचं मी चारचौघींत कौतुक करून घेतलं आहे.

दुसरा करार संपायला आला, तेव्हा वाती नववीत गेली होती. या वेळी अजूनबाईने मोजून मापून सांगितलं. रमझान झाला की मला जायचंय. परीक्षा त्यानंतर. परीक्षेआधी मी घरी पाहिजे. मी म्हटलं, "जा ना, कोण अडवतंय? फक्त बदली बाई मिळू दे." वाक्य साधंच होतं. कुठलीही नोकरी करणारी बाई हेच म्हणाली असती, अशी समजूत मी बरीच वर्षं घालून पाहिली आहे. बदली बाया दोन आल्या. एकीला सासूबाई उचलता येईनात. दुसरी तशी बरी होती, पण मला ती तोंडाळ वाटली. खरं म्हणजे मला दुसरी कुणी नकोच होती, मला हीच हवी होती. याच सुमाराला ऑफिसात मला बढती मिळाली होती. सहा महिने असेच गेले.

शेवटी मी एक अक्कल लढवली. एका संध्याकाळी तिला विचारलं, "तुझ्याच गावची कुणी बाई मिळेल का गं? तुझ्यासारखी? आहे का कुणी यायला तयार?"

ती पालक निवडत होती. हात थांबवून म्हणाली, "अजून नाही, मादाम."

मी हसले. म्हटलं, "तुझं आपलं नेहमीचं." ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली आणि पुन्हा निवडू लागली.

दुसऱ्या दिवशी मी देऱ्याला त्याच एजन्सीत गेले आणि तिथल्या माणसाला सांगितलं, "हमको सेम चाहिए. उसी के गांव की, वैसी ही." तो खूश झाला. "नो प्रॉब्लेम मॅडम. सेम गांव, सेम टु सेम. इन्शाल्ला एक महिना." मी सुधीरच्या पासपोर्टची कॉपी दिली, सह्या केल्या आणि येताना अजूनबाईसाठी कापडाचा तुकडा घेतला. तुझी बदली येतेय असं घरी सांगितल्यावर तिने माझा हात दोन्ही हातांत धरून कपाळाला लावला. रोज सकाळी ती सासूबाईंच्या कालनिर्णयवर एक दिवस खोडू लागली.

पाच आठवड्यांनी एजन्सीतून फोन आला की व्हिसा निघाला, कॉपी घेऊन जा. मी लंच टाइममध्ये गेले. त्या माणसाने फाइल माझ्यापुढे सरकवली. पांढऱ्या रुमालातला फोटो, मोठं कपाळ, ओठ घट्ट मिटलेले. नाव वाती. बापाचं नाव, गावाचं नाव, सगळं बरोबर. वय पंचवीस.

मी फोटो जवळ घेऊन पुन्हा पाहिला. मग मी म्हटलं, "ये तो बच्ची है. उसकी बेटी है ये!"

तो म्हणाला, "मॅडम, आप ही बोला ना, वैसी ही चाहिए? उस गांव में और कोई लेडी बचा नहीं. सब आ गया. मेरा आदमी बहुत ढूंढा." आणि मग, मला बरं वाटावं म्हणून असेल, "लडकी खुशी से आया. उसको बोला, तुम जाएगा तो मम्मी छूटेगा."

अजून नाही. तिने मला नीट, खरं उत्तर दिलं होतं. गावातल्या मोठ्या बायका संपल्या होत्या आणि उरलेल्या पोरी अजून मोठ्या झाल्या नव्हत्या. चार वर्षं जो शब्द ऐकून मी हसत आले, तो एकदा तरी कान देऊन ऐकला असता तर मी त्या एजन्सीची पायरी चढले नसते. परीक्षा व्हायची वाटसुद्धा दलालाने बघितली नव्हती, कारण या वेळी त्याच्याकडे ऑर्डर होती. ऑर्डर माझी होती.

अजूनबाईला मी सांगितलं तेव्हा ती रडली नाही. तिने गावच्या सरपंचाच्या घरी फोन लावायला सांगितला. नवरा फोनवर आला. बोलणं तिच्या भाषेत झालं, पण ते कळायला भाषा लागत नव्हती; तपशील तिने नंतर सांगितला. दलालाने बापाच्या हातात नव्या मोटारसायकलची किल्ली ठेवली होती. पोर जकार्ताच्या कुठल्याशा ट्रेनिंग सेंटरमध्ये होती, कुलपाच्या आत, आणि तिथून तिला आता घरी परत सोडणार नव्हते. कुठे ना कुठे पाठवणारच होते.

फोन ठेवून ती माझ्यासमोर जमिनीवर बसली. म्हणाली, "मादाम, तिला इथेच आणा. मी जाते. ती आजीच्या खोलीत झोपेल. हे घर मला माहीत आहे. ती काम शिकेल, लवकर शिकेल. पुस्तकं श्रुतीची बघेल."

सुधीर म्हणाला, "अगं, शक्यच नाही. पंधरा वर्षांची मुलगी. खोटं वय. उद्या इमिग्रेशनने पकडलं तर माझी नोकरी जाईल, आपल्याला देश सोडावा लागेल." मग आवाज खाली आणून माझ्याकडे बघत म्हणाला, "आणि तत्त्व म्हणून काही आहे की नाही? लहान मुलीला आपण कामाला ठेवायचं? आपण शिकलेली माणसं."

मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, आपण किती बरोबर वागतो आहोत म्हणून ऊर भरून आला. मी तिला समजावणीच्या सुरात म्हटलं, "ती लहान आहे गं. लहान मुलांना आम्ही कामाला ठेवत नाही."

"लहान आहे," ती म्हणाली. "म्हणून तर इथे, मादाम."

दुसऱ्या दिवशी सुधीरने व्हिसा कॅन्सल केला. एजन्सीच्या माणसाने खांदे उडवले. "खलास. दुसरा पार्टी रेडी है. सौदी में, दमाम." आमचे हात स्वच्छ राहिले. दोन आठवड्यांत आम्हाला श्रीलंकेची एक बाई मिळाली. हातापायाने दणकट, स्वभावाने बरी, वय खरं. मनात असतं तर अशी बाई मला सहा महिन्यांपूर्वीही मिळाली असती.

अजूनबाई गेली तो दिवस गुरुवार होता. सकाळी तिने सासूबाईंना अंघोळ घातली, वेणी घातली आणि नव्या बाईला त्यांना कुशीवर कसं वळवायचं ते तीनदा करून दाखवलं. सासूबाई लहान पोरासारख्या रडल्या. "माज्या मरणाक तू हंय असतलंय असां वाटलेला गो," म्हणाल्या. ती त्यांच्या पाया पडली, आमच्यासारखं वाकून. श्रुतीला तिने जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलंच नाही. श्रुती अवघडून म्हणाली, "ओके, ओके, बाय!" माझ्याशी ती वागायची तशीच वागली. फ्रीजमध्ये काय ठेवलंय, मीठ कुठल्या डब्यात आहे, ते सांगितलं. एअरपोर्टवर सुधीरने कपाटातला पासपोर्ट तिच्या हातात दिला. तिने तो उघडून स्वतःचा फोटो पाहिला आणि रुमालात बांधला. मी तिला मिठी मारली. तिने मारू दिली.

वर्षभराने तिचा फोन आला. आवाज मागे गाड्यांच्या गोंगाटात, कुठल्या तरी बूथवरून. सासूबाई गेल्याचं मी सांगितलं. तिने आजीसाठी दुवा मागितली. मग म्हणाली की वातीचं एकच पत्र आलं, दमामहून, त्यात पत्ता म्हणून नुसता पोस्ट बॉक्स नंबर आहे. "मादाम, हा नंबर म्हणजे घर कुठलं?" मी काय सांगणार? आखातात कुणाच्याच घराला पत्ता नसतो, आमच्याही नव्हता. टपाल पेटीत येतं आणि पेटीची किल्ली मालकाकडे असते. मी त्या नंबरावर दोन पत्रं पाठवली, कंपनीच्या लेटरहेडवर, चांगल्या इंग्रजीत, नम्रपणे. दोन्हींची उत्तरं आली नाहीत.

आणखी काही महिन्यांनी पुन्हा फोन. या वेळी तिचा आवाज स्वच्छ होता, ठरवून आलेल्या माणसाचा. ती पुन्हा यायला निघाली होती, पण दुबईला नाही, सौदीला. दमामच मिळेल असं कुणी लिहून देत नव्हतं, दलाल इन्शाल्ला म्हणत होता. पण मुलगी ज्या देशात आहे तिथे कोळणीला शिरायचं तर दुसरा कुठला रस्ता होता? कुणाच्या तरी घरात भांडी घासायलाच जावं लागणार होतं. एकदा आत शिरलं की कुणी बाया भेटतील, कचरा टाकायला खाली उतरतील, त्यांना विचारत विचारत जाता येईल, असा तिचा हिशेब होता. मी म्हटलं, "अगं, केवढा देश आहे तो!" ती म्हणाली, "मोठा आहे. समुद्रपण मोठा होता, मादाम. होडी छोटीच असते." मग तिने काम सांगितलं. जुन्या मालकिणीचं पत्र लागत होतं. स्वयंपाक चांगला करते, आजारी पडत नाही, सुट्टी मागत नाही, असं.

"आणि मादाम, तिथे पस्तीसच्या वर घेत नाहीत."

ती तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होती. मी ऑफिसात लंच टाइममध्ये ते पत्र टाइप केलं. चांगला स्वयंपाक, उत्तम प्रकृती, साडेचार वर्षांत एकही सुट्टी नाही. सगळं खरं. वयाच्या जागी चौतीस लिहिलं, खाली सही केली, कंपनीचा शिक्का मारला आणि फॅक्स केला.